काटेरी झुडपाची सावली

२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत झगा उतरवीत होतो. तेवढ्यात आमच्या धर्मग्रामातील एक ज्येष्ठ गृहस्थ दाराशी येऊन थांबले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आयुष्य घालवून ते निवृत्त झाले आहेत. रोजची रोझरी न चुकविणारे, मुलांना वेळेवर घरी यायला लावणारे, देवळात चप्पल वाजली तरी कपाळाला आठी घालणारे असे हे जुन्या वळणाचे काका. त्यांची मुलगी न्यू जर्सीला असते. त्यामुळे आपल्या प्रभागात काय चालले आहे याच्याइतकीच त्यांना अमेरिकेत काय चालले आहे याची खबर असते.

"फादर," काका म्हणाले, "मुलीशी काल पुन्हा वाद झाला. मी तिला सांगितलं, की तिकडे मत द्यायची वेळ आली तर मी फार विचार करणार नाही. एका पक्षाला गर्भपात चालतो, दुसऱ्याला चालत नाही. विषय संपला. त्या ट्रम्प साहेबांची भाषा मी माझ्या नातवाला शिकवणार नाही. त्यांना मी घरी जेवायलाही बोलावणार नाही. पण त्यांनी नेमलेले तीन न्यायाधीश होते, म्हणून तर १९७३ चा निकाल २०२२ साली फिरला. माणूस कसा का असेना, काम झालं की नाही?"

मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी आवाज खाली आणला. "आता आपल्या नगरपालिकेचं बघा. आपल्या दफनभूमीचं काम करतो म्हणून एक उमेदवार शब्द देतोय. माणूस कसा आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. मग तोच नियम इथेही लावायचा ना?"

त्या दिवशी मी काकांना धड उत्तर दिले नाही. 'प्रार्थना करा आणि विवेकाने ठरवा,' असे आम्हा धर्मगुरूंच्या तोंडी नेहमीच तयार असलेले वाक्य बोलून मी सुटका करून घेतली. परंतु प्रश्न माझ्या मागे लागला. आपला एक चांगला हेतू पुरा होत असेल, तर तो पुरा करणाऱ्या माणसाकडे आपण किती डोळेझाक करावी? हा प्रश्न न्यू जर्सीतला आहे तसाच बदलापूरच्या बेलवलीतलाही आहे. काकांना द्यावयाचे राहून गेलेले उत्तर मी आज या पानांतून देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करतो. आपल्याकडे 'मध्यावधी निवडणूक' म्हटले की सरकार मुदतीपूर्वी कोसळले असे आपण समजतो. अमेरिकेत तसे नाही. तेथे राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची, पण प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ सभासदांची मुदत केवळ दोन वर्षांची. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या ऐन मध्यावर प्रतिनिधिगृहाची संपूर्ण आणि सिनेटच्या सुमारे एकतृतीयांश जागांची निवडणूक ठरलेल्या दिवशी होतेच. सत्ता मिळाल्यावर तिचे काय केले, हे विचारण्याची ती वेळ. मात्र या वेळी मतदार नेहमीच कमी येतात. २०१४ साली जेमतेम ३६ टक्क्यांच्या आसपास पात्र मतदारांनी मत दिले. २०१८ साली हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर गेले, तर शंभर वर्षांतील उच्चांक म्हणून त्याचे कौतुक झाले. मोठ्या माणसाला निवडताना गर्दी होते. त्याचा हिशेब मागताना मात्र निम्मे लोक घरी असतात.

आपल्या नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या निवडणुका याच जातीच्या आहेत. लोकसभेचा आणि विधानसभेचा गाजावाजा संपल्यावर मधल्या काळात त्या येतात आणि आपण त्यांना धाकट्या समजतो. वास्तविक नळाचे पाणी, गटार, शाळेची इमारत, दवाखाना, स्मशान आणि दफनभूमी हे सारे याच धाकट्या निवडणुकीत ठरते. १९९२ साली झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी ही निवडणूक बंधनकारक केली. तरी अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर येथे २०१५ च्या एप्रिलनंतर थेट २०२५ च्या डिसेंबरात मतदान झाले. उल्हासनगरला २०१७ नंतर १५ जानेवारी २०२६ हा दिवस उजाडावा लागला. आधी महामारी, मग आरक्षणाचे न्यायालयीन प्रकरण आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. मधली काही वर्षे या तिन्ही गावांत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता, प्रशासकाचा कारभार होता. ज्यांना आपण शिव्या देत होतो, ते नसले म्हणजे काय होते, हेही या वर्षांत आपल्याला कळले. गटार तुंबले तर कोणाच्या दारी जावे हेच उमगत नव्हते.

आता काकांच्या म्हणण्याकडे वळतो. त्यांची थट्टा करून मला चालणार नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात मोठे सत्य आहे. गर्भातील जीवाचे रक्षण ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे, काकांचा हट्ट नव्हे. कुटुंब टिकावे, मोठ्यांचा मान राहावा, कायद्याचा धाक असावा, देवाचे नाव घेण्याची कोणाला लाज वाटू नये, ही त्यांची इच्छा मी माझीच मानतो. जुने ते सारे टाकाऊ असे मानणाऱ्यांपेक्षा, काही गोष्टी राखून ठेवण्यासारख्या आहेत असे मानणारा माणूस मला अधिक जवळचा वाटतो.

परंतु राखणदाराला एक प्रश्न विचारावा लागतो. बाबा रे, तू नेमके काय राखतो आहेस?

अमेरिकेतीलच उदाहरण घेऊ. २४ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला. पन्नास वर्षे प्रार्थना करणाऱ्यांना वाटले, आपण जिंकलो. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅन्सास आणि नोव्हेंबरच्या मध्यावधी निवडणुकीत केंटकी, या दोन्ही परंपरानिष्ठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राज्यांत, गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत नाही असे लिहून घेणारी दुरुस्ती मतदारांनीच नाकारली. न्यायालय जिंकता आले, शेजारी जिंकता आला नाही. यावरून कायदा निरर्थक असतो असे मी म्हणणार नाही. परंतु गर्भातील बालकाविषयी बोलणाऱ्याच्या तोंडी जन्मलेल्या माणसाविषयी तुच्छता असेल, तर ऐकणारा त्याच्या पहिल्या बोलण्यावरही विश्वास ठेवीत नाही. आपला हेतू आपण ज्याच्या हाती देतो, त्याच्या हाताचा वास त्या हेतूला लागतो.

मे २०२५ मध्ये पोपपदी आलेले लिओ चौदावे हे स्वतः अमेरिकन आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पत्रकारांनी त्यांना त्यांच्या देशातील याच वादाविषयी विचारले. तेव्हा पोपमहोदयांनी जे सांगितले त्याचा आशय असा, की गर्भपाताला विरोध करणारा पण देहदंडाला किंवा स्थलांतरितांच्या अमानुष वागणुकीला मान्यता देणारा मनुष्य जीवनाच्या बाजूचा आहे की नाही, याची शंका येते. ही तंबी दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही तितकीच लागू आहे. स्थलांतरितांसाठी अश्रू ढाळणाऱ्यानेही गर्भातील मुलाकडे पाठ फिरवू नये. जीवन हे अखंड वस्त्र आहे. त्याचा आपल्याला आवडणारा तुकडा कापून घेतला, की ते वस्त्र राहत नाही, चिंधी होते.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला सहकार्याचा धडा असे. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात आपला वाटा कसा आणि किती, याचा तो विचार. त्याचे दुष्कृत्य आपल्याला हवेच आहे म्हणून साथ देणे, हे एक. ते नको असतानाही काही अन्य गंभीर कारणासाठी त्याला दुरून हातभार लागणे, हे दुसरे. पहिले कधीही क्षम्य नाही. दुसरे क्वचित क्षम्य असू शकते, पण त्यासाठी कारण त्याच तोलाचे हवे. २००४ साली तेव्हाचे कार्डिनल रॅट्झिंगर, पुढे पोप झालेले बेनेडिक्ट सोळावे, यांनी अमेरिकेतील मतदारांच्या संदर्भात हाच भेद स्पष्ट केला होता. म्हणजे परिपूर्ण उमेदवार मिळेपर्यंत हात बांधून बसा, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. ती फक्त म्हणते, तराजूत दोन्ही पारडी ठेव. एका पारड्यावर रुमाल टाकून वजन करू नकोस.

आपल्या गावांत हा रुमाल आपण किती वेळा टाकला आहे? उल्हासनगरचेच पाहा. फाळणीत सर्वस्व गमावून आलेले सुमारे एक लाख सिंधी बांधव कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सरकारी बराकीत गोणपाटाचे पडदे लावून संसार थाटणाऱ्या या माणसांनी एका पिढीत कारखाने आणि बाजार उभे केले. राजकारणामुळे घर गमावणे म्हणजे काय, हे या गावाला जेवढे ठाऊक आहे तेवढे थोड्यांना असेल. याच गावातून १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत तुरुंगात असलेला उमेदवार निवडून आला. त्याला मत देणारे सारे वाईट होते काय? मुळीच नाही. त्यांतील अनेकजण पोराबाळांना शिस्तीत वाढविणारे, देवभोळे, कष्टाळू लोक होते. 'आमच्या अडीअडचणीला तो धावतो,' एवढेच त्यांचे म्हणणे होते. काकांचेही म्हणणे याहून निराळे आहे का?

अडीअडचणीला धावणे याचा पुढे काय अर्थ होतो, तेही या गावाने पाहिले. उल्हासनगरात बेकायदा इमारती उठल्या. त्यांतील ८५५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि त्या पाडण्याची वेळ आली. त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांचा आक्रोश खरा होता. त्यांनी आयुष्याची कमाई ओतली होती. तेव्हा २००६ साली खास उल्हासनगरसाठी कायदा करून बांधकामे नियमित करण्याची वाट काढण्यात आली. दयेपोटी हे झाले, असे आपण म्हणू. परंतु कागदावर नियमित झाल्याने स्लॅबमधील लोखंड जाड होत नाही. मे २०२१ मध्ये, पंधरवड्याच्या आत, मोहिनी पॅलेस आणि साईशक्ती या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. पहिल्या दुर्घटनेत ५ आणि दुसरीत ७ माणसे गेली. जुन्या बांधकामांत निकृष्ट रेती वापरल्याची चर्चा मग उघडपणे झाली. कोणा एका पुढाऱ्याला बोल लावण्यासाठी मी हे लिहीत नाही. 'आपले काम झाले की नाही' एवढाच निकष प्रत्येकाने लावला, तर सर्वांचे मिळून जे काम व्हायला हवे ते कोणाचेच राहत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. इमारत तपासणारा कठोर अधिकारी आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा नगरसेवक यांना मत मागायला तोंडच नसते. त्यांनी कोणाचे वैयक्तिक काम केलेले नसते.

काका कायद्याच्या धाकाविषयी नेहमी बोलतात. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, गोळीबार झाला. आपल्याच मित्रपक्षाच्या पदाधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून एका विद्यमान आमदाराला अटक झाली. वाद जमिनीचा होता. त्या आठवड्यात काका मला म्हणाले होते, "फादर, पोलीस ठाण्यातच धाक नाही, तर मग तो राहिला कुठे?" तो प्रश्न मी त्यांना आज परत देतो. धाक मतपेटीत सुरू होतो, काका. दांडगाईला आपण 'काम करण्याची धमक' म्हणू लागलो, त्या दिवशी तो संपला.

दुसरा मोह याच्या अगदी उलट. सारेच चोर, तेव्हा कोणालाच मत नको. अंबरनाथच्या ताज्या घडामोडींनंतर हे वाक्य मी मिस्सेनंतरच्या घोळक्यात दहादा ऐकले. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेले पक्ष जानेवारी २०२६ मध्ये पालिकेतील सत्तेसाठी एका आघाडीत बसले. भाजप आणि काँग्रेस एकत्र आल्याचे पाहून देशभरातील वर्तमानपत्रांनी अंबरनाथचे नाव छापले. काँग्रेसने आपल्या १२ नगरसेवकांना निलंबित केले, तेव्हा ते भाजपमध्येच दाखल झाले. कोणता पक्ष बरोबर, हे सांगण्याचे माझे काम नाही. परंतु ज्याने विचार करून, रांगेत उभे राहून मत दिले, त्याला काय वाटले असेल? आपण एका चिठ्ठीवर पत्ता लिहून ती टपालात टाकावी आणि ती दुसऱ्याच घरी पोहोचावी, तसे त्याला वाटले असणार.

पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ सालचा. स्थानिक संस्थांसाठी महाराष्ट्राने १९८६ सालचा आपला वेगळा कायदा केला. कायदे आहेत. पण दिलेल्या शब्दाची लाज कायद्याने निर्माण होत नाही, ती घरात निर्माण होते. परंपरावादी विचाराचा एक आद्य पुरुष म्हणून ज्याचे नाव घेतात, त्या एडमंड बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना ठणकावून सांगितले होते, की प्रतिनिधीने मतदारांचा नुसता निरोप्या न होता आपली विवेकबुद्धी त्यांच्या सेवेला वाहावी. १७८० साली ब्रिस्टलची जागा त्याला गमवावी लागली. आपल्याकडेही प्रतिनिधी मतदारांचे ऐकत नाहीत. मात्र बर्कने विवेकासाठी जागा गमावली, आणि इकडे जागेसाठी विवेक गमावला जातो.

म्हणून घरी बसावे काय? विधानसभेच्या वेळी कमी मतदानाच्या याद्या निघतात, त्यांत अंबरनाथ आणि उल्हासनगर ही नावे वारंवार असतात. नोकरीसाठी पहाटेची लोकल पकडणारी माणसे, सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, हे मी समजू शकतो. पण ज्या गावाने ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचारानंतर बदलापूर स्थानकात उतरून तासन् तास रेल्वे रोखली, त्या गावाला कशाचेच काही वाटत नाही असे कोण म्हणेल? संताप होता आणि तो न्याय्य होता. परंतु संताप एका दिवसाचा असतो. शाळेत सीसीटीव्ही चालू आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ स्त्री कर्मचारी आहे का, हे महिन्यामागून महिने विचारीत राहणे याला नागरिकत्व म्हणतात. त्याला टाळ्या मिळत नाहीत.

जुन्या करारातील शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथामाने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. अबीमलेखाने आपल्या सत्तर भावांना मारून शखेमच्या लोकांकडून राजपद मिळविले. वाचलेला एकटा योथाम गरिज्जीम डोंगरावर उभा राहून लोकांना गोष्ट सांगतो. झाडांना एकदा राजा हवा झाला. ती जैतुनाकडे गेली. तो म्हणाला, मला माझे तेल सोडवत नाही. अंजिराने आपल्या गोडीचे कारण सांगितले, द्राक्षवेलीने आपल्या रसाचे. शेवटी झाडे काटेरी झुडपाकडे गेली. ते लगेच तयार झाले आणि म्हणाले, या, माझ्या सावलीत बसा. नाहीतर माझ्यातून अग्नी निघेल आणि तो लबानोनाच्या गंधसरूंनाही जाळील.

सेमिनरीत असताना मला ही गोष्ट अबीमलेखाविरुद्ध वाटे. आता वय झाल्यावर वाटते, ती जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल यांच्याविरुद्धही आहे. त्या तिघांचीही कारणे किती सज्जनपणाची! कोणाला नोकरी, कोणाला संसार, कोणाला चर्चचा गायनवृंद. 'राजकारण आपल्यासारख्यांचे नव्हे,' असे आपल्या घरांतून मुलांना किती अभिमानाने सांगितले जाते! मग काटेरी झुडूप उभे राहते, आणि त्याला सावली नसते हे ठाऊक असूनही आपण त्याच्याखाली बसायला जातो. कारण उन्हात दुसरे काहीच लावलेले नसते.

येथवर मी काकांना आणि वाचकांना पुष्कळ ऐकविले. आता मला माझे सांगितले पाहिजे, कारण त्या रविवारी काकांच्या प्रश्नाला मी जे टाळले, त्याचे खरे कारण ते आहे.

अनेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील दफनभूमीला कुंपण नव्हते. गुरे शिरत, रात्री दारूडे बसत. माणसे रडत येऊन सांगत, फादर, आईच्या कबरीवर बाटल्या सापडल्या. पालिकेची निवडणूक तोंडावर आली तेव्हा एक उमेदवार स्वतः भेटायला आला. नम्रपणे बोलला. तिसऱ्या दिवशी विटा आणि रेतीचे ट्रक आले. दोन आठवड्यांत भिंत उभी राहिली. रविवारी मिस्सेच्या शेवटी सूचना देताना मी वेदीजवळून त्याचे नाव घेऊन आभार मानले. मत द्या, असे मी म्हटले नाही. म्हणण्याची गरज नव्हती.

सोमवारी एक विधवा बाई आली. चाळीत राहून धुणीभांडी करून मुलांना शिकविणारी. ती म्हणाली, "फादर, तुम्ही काल ज्यांचं नाव घेतलं, त्यांच्याच माणसांनी आमच्या चाळीचा रस्ता अडवून गाळे काढलेत. माझं पोर आजारी पडलं तेव्हा रिक्षा आत येईना. मी तक्रार केली आहे. आता ती मागे घेऊ का?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच माझा सल्ला हवा होता.

तक्रार मागे घेऊ नका, एवढे मी तिला सांगितले. पण पुढच्या रविवारी वेदीजवळून मी काहीच बोललो नाही. मेलेल्यांसाठी भिंत मिळाली होती आणि जिवंतांची वाट बंद झाली होती, आणि मी त्याबद्दल टाळ्या वाजविल्या होत्या. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर पवित्र पाणी शिंपडताना मला त्या भिंतीची आठवण अजून होते. भिंत चांगली बांधलेली होती. तिच्यात काही खोट नव्हती.

ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे धर्मगुरूने राजकीय सत्तेचे पद घ्यावयाचे नसते. अमेरिकेत फादर रॉबर्ट ड्रायनन नावाचे येशूसंघीय दहा वर्षे प्रतिनिधिगृहाचे सभासद होते. १९८० साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या आदेशानुसार त्यांनी पुढील निवडणूक लढविली नाही. हा नियम मला पूर्वी केवळ शिस्तीचा वाटे. त्या विधवेनंतर त्याचा अर्थ कळला. वेदी सर्वांची असते. तिच्यावरून एकाचे नाव घेतले, की दुसऱ्या कोणाची तरी तक्रार गिळली जाते. आणि नाव न घेणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, हेही त्याच वेळी कळायला हवे होते.

तेव्हा काका, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. दफनभूमी हा आपला हक्क आहे. तो लेखी अर्जाने, सर्वांसमक्ष, निवडून येईल त्या प्रत्येकाकडे मागू. मताच्या बदल्यात मागणार नाही. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या निकालापासून आपल्याला तो हक्क मिळत गेला आहे. तो आपल्यासाठी काय करील, हे विचारा. पण त्याआधी विचारा, की त्याने आजवर दुबळ्या माणसाशी काय केले? त्याच्या गल्लीतील विधवेला विचारा. दोन्ही पारडी पाहूनही कमी वाईट वाटणाऱ्याला मत द्यावे लागले, तर द्या. परंतु त्याला चांगले म्हणू नका, आणि घरी मुलांसमोर त्याच्या दांडगाईचे कौतुक करू नका. मत एका दिवसाचे असते. आपण ज्याचे कौतुक करतो, त्याच्यासारखी आपली मुले होतात. कोणीच पत्करण्यासारखा नसेल, तर २०१३ पासून मतयंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. तेथपर्यंत चालत जाणे म्हणजेही आपले मत मांडणे होय. आणि तुमच्या घरात एखादे अंजिराचे झाड असेल, एखादा सरळ मनाचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना अडवू नका.

न्यू जर्सीच्या मुलीशी तुमचा वाद मिटेल, असे मी म्हणत नाही. तिला दुसरी बाजू दिसते, तुम्हाला पहिली. दोघांनी आपापल्या पारड्यावरचा रुमाल काढला, तर पुढच्या फोनवर निदान एकमेकांचे बोलणे पुरे ऐकून घ्याल.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी काका मिस्सेला आले होते. बोटावर शाई होती. कोणाला मत दिले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. मात्र हल्ली महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते एक पिशवी घेऊन पालिकेत जातात. पिशवीत दफनभूमीच्या अर्जाची प्रत असते, आणि शेजारच्या गल्लीतील तुंबलेल्या गटाराच्या अर्जाचीही. त्या गल्लीत आपल्या धर्मग्रामाचे एकही घर नाही.